भाड्याच्या खोल्यांवरची माती

आमचे मालक सोलापुरात मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रावर, होते. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. पुढं भाडेकरू आले, तेही त्यांना मालकच म्हणायला लागले, त्यामुळं घरात आणि दारात एकच नाव चाललं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यांच्या डोक्यात खोल्यांचं शिरलं. मिलचं काही खरं नाही, आज भोंगा वाजतो, उद्या वाजेलच असं नाही, असं खात्यातले लोक तेव्हापासूनच बोलायला लागले होते. मालकांनी त्यावर तोडगा काढला. शहराच्या पूर्व भागात थोडी जागा घ्यायची, तीन खोल्या काढायच्या, एकीत आपण राहायचं, दोन भाड्यानं द्यायच्या.

"पगार कधीबी थांबंल," ते म्हणाले. "भाडं थांबत नाही. जागेचा भाव तर वाढतच जाणार. म्हातारपणी बसून खाऊ की."

"आणि भाडेकरू निघालाच नाही तर?"

"कशाला काढायचा त्याला? तो राहील, आपण भाडं घेऊ. दारात म्हैस बांधली तर ती जाते कधी याची वाट बघत बसतो का आपण?"

मला पटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली, कायदा मला कळत नव्हता, पण चाळीतल्या नळावर बायका काय बोलतात ते कळत होतं. भाडेकरू एकदा आत शिरला की कोर्टात जाऊनही निघत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मग घरमालक दुसरे मार्ग काढायचे. आमच्या मागच्या गल्लीत एकानं दुरुस्तीचं निमित्त करून पावसाच्या तोंडावर भाडेकरूच्या डोक्यावरचे पत्रे उतरवले आणि परत घातलेच नाहीत. त्या घरातल्या बाईनं दोन-तीन पाऊस अंगावर घेतले आणि भांडी उचलून भावाकडं गेली. असं करणारा तो एकटा नव्हता. शहरभर हे चालायचं आणि लोक त्याला हुशारी म्हणायचे.

मी नको म्हणत राहिले आणि जागा घेतली गेली.

भिंती दगडमातीच्या करायच्या हे ठरलं होतं. छताचा प्रश्न आला. स्लॅब परवडत नव्हता. पत्रा स्वस्त होता, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस भाजतो आणि सूत वाळून तुटतं. पूर्व भागात खोली घेणारे बहुतेक विणकर. ते तेलुगू बोलणारे लोक, राहत्या घरातच माग मांडतात, नवरा विणतो आणि बायको कांड्यांवर सूत भरते. त्यांना थंड खोली लागते आणि थंड खोलीला ते दोन पैसे जास्त देतात. म्हणून मालकांनी माळवद घातलं. भिंतीवर लाकडाच्या तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर काटक्या आणि लिंबाचा पाला, आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती ओली झाली की फुगून बसते, पाणी खाली सोडत नाही. वर गच्चीसारखं चालता येतं, उन्हाळ्यात झोपता येतं. करकंब गावाकडं एकजण जुनं घर मोडून लाकूड विकत होता, ते मालकांनी ट्रकनं आणलं. लाकूड बघून गल्लीतल्या लोकांनी त्यांची पाठ थोपटली.

आम्ही पहिल्या खोलीत राहायला गेलो. मधली मिलमधल्या एका वॉचमनला दिली आणि शेवटची एका विणकराला. विणकर तिशीतला, हडकुळा, सारखा तंबाखू मळणारा. मला अक्का म्हणायचा. त्याची बायको मराठी तोडकंमोडकं बोलायची, मला तेलुगू अजिबात येत नव्हतं. आम्ही दोघी नळावर हातवाऱ्यांनी भागवायचो. त्यांचा एक हातमाग होता. तो चालायचा तेव्हा लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज यायचा, कानाला त्रास होण्यासारखा नव्हता. त्या वर्षी मला वाटलं की मी उगाच घाबरत होते.

दुसऱ्या वर्षी वॉचमन गावी गेला आणि मधली खोली रिकामी झाली. त्याच आठवड्यात विणकर संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसला.

"मालक, हातमागात आता काय राहिलं नाय," तो म्हणाला. "समदे पॉवरलूम घालायलेत. मीबी घालतो. चार बसतील. मधली खोली पण मला द्या."

"घे की."

"पण भिंत नको मधी. भिंत असली तर लूम फिरत नाय, माणूस फिरत नाय. भिंत काढतो, दोन खांब देतो."

मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "भिंतीवर छप्पर आहे."

"खांबावर राहतंय की अक्का. देवळात काय असतंय? खांबच असतात."

मालक हसले. भाड्याचा आकडा त्यांनी मोठा सांगितला, आणि तो लगेच हो म्हणाला. तो लगेच हो म्हणाला म्हणून मालकांना आपण कमी मागितलं असं वाटलं, रात्रभर तेच बोलत होते. भिंतीबद्दल कुणी बोललं नाही. गवंड्यानं आठ दिवसांत भिंत उतरवली, तिच्या जागी दोन खांब उभे केले आणि त्यांच्यावर एक जाड तुळई आडवी टाकली. दोन खोल्यांच्या माळवदाचं ओझं आता त्या एका लाकडावर आलं.

मग यंत्रं आली. जुनी, दुसऱ्या कुणाची तरी वापरलेली. फरशी फोडून त्यांचे पाय खाली घट्ट बसवले. मोटारी लावल्या, पट्टे चढवले, आणि एका सकाळी चारही एकदम सुरू झाली.

मी भाकरी थापत होते. परातीतलं पीठ हललं. आधी मला वाटलं माझाच हात कापतोय. मग मांडणीकडं बघितलं तर डबे किणकिणत होते आणि पितळेचा एक तांब्या जागचा सरकून पुढं आला होता. मी उठून भिंतीला हात लावला. भिंतीत काहीतरी जिवंत असावं तशी ती गुणगुणत होती. मी हात काढून घेतला. त्यानंतर पुढची दोन-अडीच वर्षं मी त्या भिंतीला टेकून बसले नाही.

मालक पाळीवरून आले तेव्हा त्यांना सांगितलं.

"मिलमध्ये शेकड्यानं साचे चालतात," ते म्हणाले. "पडली का मिल?"

"मिलला लोखंडी खांब आहेत. तुम्हीच सांगितलं होतं."

"तुला कोणी केलं गं इंजिनिअर?"

"मला कुणी काही केलं नाही. भिंत हलते एवढं सांगते."

"हलते म्हणजे भाडं येतंय असं समज."

पुढं ते हे वाक्य पाहुण्यांसमोर म्हणायला लागले, आणि पाहुणे हसायचे. मीही एकदा हसले, कारण माझा भाऊ आला होता आणि त्याच्यासमोर तोंड पाडून बसणं बरं दिसलं नसतं.

त्या पावसाळ्यात माळवद गळालं. आधी कधी गळालं नव्हतं. खालून सतत हादरे बसत असल्यानं वरच्या मातीला बारीक भेगा पडल्या होत्या आणि पाणी त्यातून खाली उतरत होतं. मागावरच्या कापडाला मातकट डाग पडले. विणकर बोंबलत आला. त्याचंही खरं होतं, डागी कापड कोण घेणार. मालकांनी गाढववाल्याला बोलावून नवी माती टाकून घेतली. माळवद गळलं की माती टाकायची, दर वर्षी वैशाखात टाकायची, हे आमच्याकडं सगळेच करतात. माझ्या वडिलांनी केलं, सासऱ्यांनी केलं. पण त्यांच्या घरात खाली यंत्रं नव्हती. त्यांची माती वर्षभरात वाऱ्यापावसानं थोडी वाहून जायची आणि तेवढीच परत टाकायची. आमच्याकडं दर पावसाला नव्या भेगा, आणि प्रत्येक भेगेला नवा थर. वैशाखात एकदा, आषाढात एकदा, कधी दिवाळीनंतरही.

एकदा मी शिडीनं वर गेले, तेव्हा ध्यानात आलं की कठड्याचे दगड दिसेनासे झालेत. पहिल्या वर्षी तो कठडा माझ्या गुडघ्याएवढा होता. माती त्याच्या बरोबरीला आली होती. मधोमध, खाली जिथं ती जाड तुळई होती तिथं, माळवद खोलगट झालेलं होतं. त्या खोलगट जागेत पाणी साचू नये म्हणून गाढववाल्यानं तिथंच जास्त माती टाकून सपाट केलं होतं. म्हणजे जिथं वाकलं होतं तिथंच सगळ्यात जास्त ओझं.

मी त्याला म्हणाले, "आधी जुनी काढ, मग नवी टाक."

गाढववाला म्हातारा होता. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी त्याला कच्ची भाकरी खायला सांगितली. "माती टाकायची असती बाई. काढत्यात होय कुटं माती?"

"वजन किती झालं ते बघ की."

"माळवद जड असलं तरच पाणी अडतंय. हलकं करून काय उडवायचं हाय का?" आणि गाढवांना हाक मारून तो मातीची दुसरी खेप आणायला निघाला. खेपेवर पैसे मिळत होते, त्याचंही बरोबरच होतं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "काढायला चार गडी लागतील, दोन दिवस लागतील, तेवढे दिवस माग बंद. भाडं कोण देणार? तुझा बाप?"

माझा बाप मेलेला होता.

तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली ती उठली नाही. मी जेवायला अंगणात बसायला लागले. आमच्या पोरांना दाराजवळ झोपवायची. आमची खोली आणि त्यांची खोली, वरून माळवद एकच. घरात शिरताना आधी वर बघायचं, मग आत पाय टाकायचा, अशी सवय लागली. कुणाला सांगायची सोय नव्हती. तीन-चार वर्षांत जागेचा भाव वाढला होता, भाडं वेळेवर येत होतं, गल्लीतले लोक मालकांना विचारायला यायचे की आम्ही काय करावं. अशा घरातली बाई छताला भिते हे कुणी ऐकून घेतलं नसतं.

आणि त्यात विणकराच्या बायकोला तिसरं मूल झालं. तिनं पाळणा बांधला तो त्या मधल्या तुळईला. दुसरीकडं जागाच नव्हती, चारी बाजूंना यंत्रं. ती खाली बसून चरख्यावर कांड्या भरायची आणि एका पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून पाळणा हलवायची. यंत्रांच्या हादऱ्यानं पाळणा तसाही हलतच असायचा. तिनं छताखाली एक जुनी साडी बांधून घेतली होती, वरून गळणारी माती सुतात पडू नये म्हणून. साडीला पोट आलं की ती काठीनं खालून ढुशी द्यायची आणि माती एका कडेला सांडून घ्यायची. मी एकदा तिला साडीकडं बोट दाखवून, मग वर बोट दाखवून, दोन्ही हात खाली आणून दाखवलं. तिला कळलं. तिचं तोंड उतरलं. तिनं नवऱ्याकडं हात केला आणि कपाळाला हात लावला. मलाही कळलं.

ते भाद्रपदाचे दिवस होते. आमच्याकडं खरा पाऊस तेव्हाच येतो. तीन दिवस उघडझाप चाललेली, माळवद भिजून गच्च झालेलं. दुपारी मी त्यांच्या दारात गवऱ्या द्यायला गेले होते, कारण त्यांच्या ओल्या झाल्या होत्या. तेवढ्यात लाइट गेली. चारही यंत्रं एकदम थांबली.

त्या घरात दिवसा इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. यंत्रं चालू असताना कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. आता पागोळ्या ऐकू यायला लागल्या, पोराचा श्वास ऐकू आला. आणि वरून आवाज आला. वाळलेल्या शेंगा चुरडल्यासारखा, बारीक, थांबून थांबून. लाकडाचा. मग साडीत भसाभसा माती पडली, आणि कुणी ढुशी दिली नसताना तिचं पोट वाढत चाललं.

मी विणकराकडं बघितलं. तो मागावर वाकून तुटलेला धागा जोडत होता.

"बाहेर पड," मी म्हणाले.

"काय झालं अक्का?"

"वर ऐक."

त्यानं ऐकलं. "पावसानं लाकूड बोलतंय. दर वर्षी बोलतंय."

"दर वर्षी तुला ऐकू कसं येईल? तुझे माग कधी बंद असतात?"

तो हसला, खरंच हसला, आणि परत धाग्याकडं वळला. मला त्या तुळईखाली जायचं नव्हतं. पण पाळणा तिथंच होता. मी गेले, पोर उचललं, आणि भर पावसात बाहेर निघून आले. त्याची आई माझ्यामागं धावत आली, तिच्यामागं तिची दोन पोरं, आणि शेवटी तोंडानं तेलुगू शिव्या देत तो. आम्ही सगळे समोरच्या वळचणीला उभे राहिलो आणि घराकडं बघत राहिलो. पोर माझ्या खांद्यावर किंचाळत होतं.

काही पडलं नाही.

बऱ्याच वेळानं लाइट आली. विणकरानं पोर माझ्याकडून घेतलं आणि बायकोला आत चल म्हणाला. समोरच्या घरातला एकजण हे सगळं दारात उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "काय वो काकू, भाडं थकलं काय? पोरच उचललं की तारण म्हणून." सगळे हसले. विणकरही हसला. यंत्रं सुरू झाली आणि लाकडाचा आवाज त्यात बुडाला.

मालकांना मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. सांगून काय होतं ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या पाळीला गेले, पोरं शाळेत गेली, पावसानं थोडी उघडीप दिली. मी पदर खोचला, फावडं घेतलं आणि शिडीनं वर गेले. वर पाय टाकताना मला रडू येईल असं वाटलं, इतकी मी भ्याले होते. माती पायाखाली भिजलेल्या भाकरीसारखी दबत होती. मी मधोमध गेले नाही. कडेनं सुरुवात केली आणि फावड्यानं माती रस्त्यावर फेकायला लागले.

ओली माती जड असते. पंधरा-वीस फावड्यांत दंड भरून आले. पण हातांना काम मिळाल्यावर भीती थोडी मागं सरली, एवढं खरं. खाली रस्त्यावर चिखलाचा ढीग व्हायला लागला आणि माणसं जमली. विणकर बाहेर आला.

"अक्का, काय करालाय तुमी?"

"वजन काढते."

"पाऊस हाय. माती काढली तर पाणी आत येतंय. माझा माल आत हाय."

"माल बाहेर काढ. बायकोपोरांनाही काढ."

त्याचा चेहरा बदलला. मी वरून बघत होते, मला स्पष्ट दिसलं. काल जे हसत होतं ते तोंड काळं पडलं. त्याच्या मनात काय आलं ते मला लगेच कळलं, कारण त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. पत्रे उतरवून भाडेकरू काढल्याच्या गोष्टी त्यानंही ऐकल्या होत्या.

"असं हाय होय," तो म्हणाला. "काल पोर उचलून नाटक. आज माती. दुसरा कोण जास्त भाडं द्यायलाय का?"

"कुणी देत नाही. तुळई मोडायला आली आहे."

"कालपण मोडत हुती."

गर्दीतला एकजण म्हणाला, "चांगली शक्कल हाय की. कोर्टबिर्ट नको, वकील नको, फावडं बास."

"मालक कामावर आणि मालकीण माळवदावर," दुसरा म्हणाला. "ठरवूनच केलं असणार."

भाडेकरूला हाकलायचं असतं तरी मी हेच केलं असतं, असंच फावडं घेऊन, अशाच उघडिपीत. बघणाऱ्याला फरक दिसण्यासारखं काही नव्हतं. मी माती फेकत राहिले.

विणकर चौकीवर गेला आणि हवालदाराला घेऊन आला. हवालदार छत्री घेऊन रस्त्यात उभा राहिला.

"बाई, खाली उतरा."

"तुम्ही वर या. इथं पाय ठेवून बघा."

त्यानं शिडीकडं बघितलं, माळवदाकडं बघितलं. "मी कशाला येऊ? तुमचं भांडण आहे. खाली या आणि काय ते बोला. भाडेकरूला असं काढता येत नाही. कायदा आहे."

मी उतरले. ओल्या शिडीवरून दोनदा पाय निसटला. खाली आल्यावर हवालदारानं सगळ्यांनाच पुढं बोलावलं. विणकराच्या बायकोलाही आतून बोलावलं, साक्षीला म्हणून. तिनं पाळण्यातलं पोर उचललं आणि ती आली, बाकीची दोन पोरं तिच्या लुगड्याला धरून आली. माग बंद केले, कारण हवालदाराला ऐकू येत नव्हतं. रस्त्यात चिखलात उभे राहून आम्ही भांडत होतो. तो विचारत होता भाडं किती, कधीपासून, पावती देता का. विणकर हात उडवून बोलत होता. त्याची बायको माझ्याकडं बघत होती.

आवाज फार मोठा झाला नाही. लोकांना वाटतं घर पडताना धडाम होतं. एखाद्यानं मोठं पोतं खाली टाकावं तसा धप्प झाला आणि दारातून पिवळट धूळ बाहेर आली. पावसाळ्यात धूळ. मग आत लोखंड वाजलं. हवालदारानं छत्री सोडली.

मधली तुळई मोडून दोन्ही खोल्यांचं माळवद खाली बसलं होतं. एक माग मातीखाली गाडला गेला, दुसऱ्याची वरची चौकट वाकली. पाळण्याची जागा दिसत नव्हती, तिथं मातीचा उंचवटा होता. आमची खोली उभी राहिली, फक्त भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली.

विणकर रस्त्यातच खाली बसला. त्याच्या बायकोनं पोरांना एकदा हात लावून बघितलं, पहिलं, दुसरं, कडेवरचं, आणि परत पहिलं.

मला कुणी शाबासकी दिली नाही, आणि मी त्याची वाट बघतही नव्हते. थोड्या वेळानं विणकर उठला आणि म्हणाला, "तुमी खणलं म्हणून पडलं." संध्याकाळी मालक आले, मोडलेलं लाकूड हातात घेऊन बघितलं आणि तेच म्हणाले. एका बाजूची माती काढलीस, दुसरी बाजू जड झाली, तोल गेला. हात लावला नसतास तर अजून वीस वर्षं राहिलं असतं. मरेपर्यंत त्यांचं हेच मत होतं. गवंड्याला विचारलं तर तो म्हणाला, असंही असेल, तसंही असेल.

मला आजही सांगता येत नाही. माझ्या फावड्यानं पडलं असेल. नसतं खणलं तर महिन्यानं पडलं असतं, किंवा पुढच्या भाद्रपदात, किंवा पडलंच नसतं. पडलं तेव्हा आत कुणी नव्हतं, आणि नव्हतं ते माझ्याशी भांडायला बाहेर आले होते म्हणून. यापलीकडं मला काही माहीत नाही.

विणकर बायकोपोरांना घेऊन नातेवाइकांकडं गेला. मोडलेल्या मागापोटी मालकांनी पुढचं काही भाडं सोडायचं कबूल केलं, पण तो परत येईल असं त्यांना वाटत नव्हतं. मला तर खात्रीच होती की तो येणार नाही. दसऱ्यानंतर आम्ही तिन्ही खोल्यांवर पत्रे घातले आणि मधली भिंत पुन्हा उभी केली. एका खोलीत फार तर एक-दोन माग बसतील असं केलं. भाडं खाली आलं. मालक माझ्याशी बरेच दिवस कामापुरतं बोलत होते. बसून खायचं म्हातारपण थोडं लांब गेलं, असं एकदा म्हणाले. मी म्हणाले, जाऊ दे लांब.

दिवाळी झाल्यावर ती दोघं एका सकाळी दारात आली. दुसरीकडं खोल्या मिळत होत्या, पण महाग होत्या, किंवा लांब होत्या, तो काय ते सांगत होता. त्यानं दाराबाहेर उभं राहूनच पत्र्याकडं बघितलं आणि मालकांना ऐकवायला लागला की हे उन्हाळ्यात तापेल, सूत तुटेल, एवढं भाडं कसलं मागता. मालक म्हणाले, मग घेऊ नकोस.

त्याची बायको उंबऱ्याशी उभी होती. पोर कडेवर होतं. ती मान वर करून आत बघत होती.

"वर?" तिनं मला विचारलं.

"पत्रा."

"माती?"

"नाही."

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. तिचा नवरा अजून उन्हाळ्याचंच बोलत होता. मग ती पोराला घेऊन आत गेली, खोलीच्या मधोमध बसली, आणि तिनं पदरानं जमीन पुसायला घेतली.